सामन्याचे तिकीट आणि दिवसाची मजुरी

तिकीट महाग की स्वस्त, हे नुसते रुपये सांगून कळत नाही. साठ रुपये हा आकडा एखाद्या वकिलाला क्षुल्लक वाटेल, आणि उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याला तो संध्याकाळच्या बाजाराचा प्रश्न असेल. म्हणून आम्ही कामगार चळवळीतली माणसे किमतीचे मोजमाप निराळ्या मापाने करतो. त्या वस्तूसाठी किती तास राबावे लागते, हे आमचे माप. आज फुटबॉलच्या तिकिटाला हेच माप लावून पाहावयाचे आहे.

उंब्रजच्या व्याख्यानमालेत फुटबॉल कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे कबड्डी आणि कुस्ती. फुटबॉल म्हणजे कोल्हापूरकरांचे वेड! परंतु हमरस्त्यावर उभे राहून कोल्हापूरची गाडी धरणारी आपली पोरे मी पाहतो, आणि रात्री जागून विलायतेतले सामने पाहणारीही पाहतो. शिवाय प्रश्न एकट्या फुटबॉलचा नाही. ज्यांच्या जिवावर एखादा खेळ मोठा होतो, त्यांनाच पुढे दाराबाहेर राहावे लागते काय, असा तो प्रश्न आहे.

प्रथम ताजे उदाहरण घेऊ. २०२६ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत ठरली. यजमानपद मागताना जो प्रस्ताव सादर झाला होता, त्यात २१ डॉलरपासून तिकिटे मिळतील असे म्हटले होते. २०२५ च्या ऑक्टोबरात विक्री सुरू झाली तेव्हा सर्वांत खालचा भाव ६० डॉलर निघाला आणि अंतिम सामन्याचा वरचा भाव ६,७३० डॉलर. डॉलर तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एका खुर्चीचे सहा लाख रुपये. दिवसाला ५०० रुपये मिळवणारा माणूस धरला, तर ही त्याची बाराशे दिवसांची मजुरी झाली. वर्षात तीनशे दिवस काम मिळाले असे समजा (शेतमजुराला इतके मिळत नाही, पण समजा), तरी चार वर्षे न खातापिता राबावे तेव्हा नव्वद मिनिटांचा खेळ दिसावयाचा. तोही जादा वेळ धरून एकशेवीस मिनिटांचा!

यावर युरोपातल्या प्रेक्षक संघटनांनी मोठा ओरडा केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फिफाने प्रत्येक सामन्यासाठी ६० डॉलरची काही तिकिटे पात्र ठरलेल्या देशांच्या चाहत्यांना देण्याचे जाहीर केले. अंतिम सामन्यालाही तोच भाव. पण ती किती? प्रत्येक राष्ट्रीय संघटनेच्या वाट्याला येणाऱ्या तिकिटांपैकी दहा टक्के, म्हणजे प्रचंड मैदानात एका संघामागे काहीशे. शेट दिवाळीला बोनस नाकारतो आणि पेढ्याचा पुडा पाठवतो, त्यातला हा प्रकार. तरी पेढाही ओरडल्याशिवाय आला नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता थोडे मागे जाऊ. कारण हा खेळ मुळात कोणाचा, हे पाहिल्याशिवाय पुढले उलगडत नाही.

इंग्लंडात फुटबॉलचे नियम बांधले ते श्रीमंतांच्या शाळांतून शिकलेल्या लोकांनी. परंतु १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणीगावच्या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ हरवून एफ. ए. कप नेला. त्या संघात विणकर होते, नळकाम करणारा होता. तेव्हापासून खेळाचे पारडे फिरले. आज जगभर ज्यांच्या नावाचे सदरे विकले जातात ते क्लब कोठून निघाले पाहा: मँचेस्टर युनायटेड हा रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातला, आर्सेनल वूलिचच्या दारूगोळा कारखान्यातला, वेस्ट हॅम टेम्स नदीवरच्या जहाज बांधणीच्या कारखान्यातला. कामगारांनी कामाच्या जागी काढलेली ही मंडळे.

परंतु खेळ पाहावयाचा तर आधी सुटी पाहिजे. १८५० च्या कारखाने कायद्याने तिकडच्या कापडगिरण्यांत शनिवारी दुपारी दोनला काम थांबू लागले, आणि शनिवार दुपारचा सामना ही चाल त्यातूनच रुजली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. रविवारी मैदानावर जाणाऱ्या किती जणांना लोखंड्यांचे नाव ठाऊक असते? असो. सुटीनंतर येतो खिसा. इंग्लंडच्या लीगने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवेशाचा किमान दर सहा पेन्स ठरवला होता. आठवड्याला एक पौंड, म्हणजे २४० पेन्स मिळवणारा साधा मजूर धरला, तर सहा दिवसांच्या आठवड्यात त्याची रोजची मजुरी ४० पेन्स पडते. तिकीट सहा पेन्स. म्हणजे दिवसाच्या मजुरीचा सहावा-सातवा हिस्सा. हे माप लक्षात ठेवा. ५०० रुपये रोजाच्या माणसाला तेच माप लावले, तर तिकीट ७५ रुपये भरते.

काळा बाजार आजचा आहे असेही कोणी समजू नये. १९११ च्या २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानने अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवले, त्या सामन्याची दोन रुपयांची तिकिटे पंधरा रुपयांना विकली गेल्याचे सांगतात. ज्यांना आत जाता आले नाही त्यांच्यासाठी पतंगावर गोल लिहून पतंग आकाशात चढवले होते. पंधरा रुपये त्या काळी कित्येकांचा महिन्याचा पगार होता. पतंग मात्र फुकट दिसत होता.

आमच्या सातारा जिल्ह्यातली माणसे गिरणगावात होती तेव्हा मुंबईत कूपरेजचे मैदान होते. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स कपाचे सामने तेथे रंगत. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो नेला. टाटा, मफतलाल, कॅलटेक्स असे कंपन्यांचे संघ असत. खेळाडू कंपनीच्या पगारपत्रकावर आणि बघणारे दुसऱ्या कोणत्यातरी कंपनीच्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, वस्ती पांगली, कंपन्यांचे संघही हळूहळू मिटले. रोव्हर्स कप २००१ च्या सुमारास बंद पडला. कोणी तिकीट वाढवल्याने तो बंद पडला नाही. पहिला आणि दुसरा पाळीवाला, जो खोलीवरून पायी मैदानावर जाई, तोच शहराच्या मध्यातून उठला. तिकिटाच्या दराआड गाडीभाडे लपलेले असते ते असे.

आता दर वाढतात कसे, हे पाहू. याबाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे. खेळाडूंचे पगार वाढले म्हणून तिकीट वाढले, असे क्लबांचे चालक सांगतात. पगाराची कथा अशी. इंग्लंडात १९०१ पासून खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक देण्यास मनाई होती. ही कमाल मर्यादा वाढत वाढत २० पौंडांवर आली. खेळाडूंची युनियन १९०७ मध्ये मँचेस्टरात पुन्हा उभी राहिली होती. १९६१ च्या जानेवारीत जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली तिने संपाची नोटीस दिली आणि मर्यादा उठवली. संप करावा लागलाच नाही; नोटिशीनेच काम झाले. आमच्या धंद्यात याला चांगला तह म्हणतात. त्यानंतर तीस वर्षे इंग्लंडात तिकिटे कामगाराच्या आवाक्यात राहिली. तेव्हा पगार वाढले म्हणून दार बंद झाले, हे म्हणणे टिकत नाही.

दार बंद होण्याची सुरुवात एका भयंकर अपघातातून झाली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्याने पाहण्याच्या कठड्यात चेंगराचेंगरी होऊन ९७ माणसे प्राणास मुकली. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० च्या अहवालात मोठ्या मैदानांतून उभ्याच्या जागा काढून सर्वत्र खुर्च्या बसवाव्यात असे सुचवले. खुर्च्या बसल्या, माणसे कमी मावू लागली, आणि दर चढले. पण त्याच अहवालात टेलर यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला होता: तेथे बसण्याचे तिकीट सहा पौंड आणि उभ्याचे चार पौंड. खुर्ची दिली म्हणून दर अनेकपट करण्याचे कारण नाही, हा त्यांचा आशय. चालकांनी अहवालातली खुर्ची घेतली आणि सहा पौंड सोडून दिले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि दर चढतच गेले.

येथे एक गमतीची गोष्ट आहे. दूरचित्रवाणीचा पैसा इतका आला, की आता त्या लीगमधल्या क्लबांच्या एकूण उत्पन्नात सामन्याच्या दिवसाचा गल्ला साधारण सातव्या हिश्श्याच्या आसपास असतो. म्हणजे तिकीट थोडे उतरवले तर क्लब बुडत नाही. उलट रिकाम्या खुर्च्यांसमोर चाललेला सामना पडद्यावर पाहवत नाही. करोनाच्या साथीत २०२० मध्ये तो अनुभव साऱ्या जगाने घेतला. गाणारा, ओरडणारा, झेंडे नाचवणारा प्रेक्षक हा विकल्या जाणाऱ्या मालाचाच भाग आहे. तमाशातल्या ढोलकीवाल्याने बिदागी मागावी, तर येथे ढोलकीवाल्याकडूनच तिकिटाचे पैसे घेतात!

हे लिव्हरपूलच्या लोकांनी बरोबर ओळखले. क्लबने नव्या सज्जासाठी ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ वे मिनिट होताच सुमारे दहा हजार माणसे उठून चालती झाली. तोवर लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होते. सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माघार घेतली आणि सर्वांत वरचा दर ५९ पौंडांवर गोठवला. त्याच वर्षी लीगने पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा आणली, आणि पुढे तिची मुदत वाढवत नेली. संपाचे शस्त्र मजुरालाच असते असे नाही, गिऱ्हाइकालाही असते. मात्र ते एकेकट्याने चालत नाही. एक माणूस उठून गेला तर त्याची जागा दुसरा घेतो. दहा हजार उठले तर सामन्याचा रंग जातो.

जर्मनीत निराळी व्यवस्था आहे. तेथे काही अपवाद सोडता क्लबातले बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहावे असा १९९८ पासूनचा नियम आहे, आणि उभ्याच्या जागा त्यांनी मोडल्या नाहीत. डॉर्टमुंडच्या दक्षिण सज्जात सुमारे २५ हजार माणसे उभ्याने सामना पाहतात. सहकारी साखर कारखान्याच्या मुलखात याचे आणखी स्पष्टीकरण नको. सभासद जागा असला तर काय होते आणि झोपला तर काय होते, हे दोन्ही आपल्याला ठाऊक आहे.

आता आपल्या घरी येऊ. कोल्हापूरचे उदाहरण साऱ्या देशात वेगळे आहे. तेथे फुटबॉल तालमीतून वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालीम मंडळे. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पेठ तेथे संघ. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्पर्धांचा कारभार पाहते, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर सामने चालतात. दोन पेठा समोरासमोर आल्या की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा राहत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. तेथे येणाऱ्यात हमाल असतो, गुजरीतला कारागीर असतो, रिक्षावाला असतो. भांडणेही होतात, दगडफेकीने सामने थांबले आहेत, आणि त्याची मी तरफदारी करणार नाही. पण मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना जो प्रेक्षक कोट्यवधी खर्चून जमत नाही, तो येथे पेठेच्या अभिमानावर जमतो.

याच्या मागे कुस्तीची जुनी शिस्त आहे, असे मला वाटते. शाहू महाराजांनी बांधलेले आणि १९१२ मध्ये पुरे झालेले खासबाग मैदान पाहिले आहे ना? आखाडा खोलगट, आणि भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पाठ जमिनीला लागलेली दिसली पाहिजे, या हिशेबाने ते बांधले आहे. स्वस्त जागेवरून खेळ दिसला पाहिजे, ही दृष्टी त्यात आहे. आजकालच्या मैदानांत खांबाआडची जागा गरिबाला मिळते. गावच्या जत्रेतल्या मैदानाला तर तिकीटच नसते. वर्गणी गोळा होते, ज्याची ऐपत असेल तो इनाम लावतो, पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुटतात आणि शेवटची कुस्ती हजारो-लाखोंच्या इनामाची होते. पैसा ऐपतीप्रमाणे, बघणे सर्वांना सारखे. अर्थशास्त्राच्या पंडितांनी याला काय नाव दिले आहे कोण जाणे, आमच्याकडे त्याला गावकी म्हणतात.

मग सगळीकडे फुकट सोडावे काय? माझे मत तसे नाही. युनियनची वर्गणी गोळा करताना मी एक पाहिले आहे: पावती फाडलेला सभासद सभेत उठून हिशेब विचारतो, फुकट आलेला चहा पिऊन जातो. तिकीट असावे, पण ते दिवसाच्या मजुरीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याच्या पलीकडे जाऊ नये.

आणि नुसते स्वस्त करूनही भागत नाही, याचा दाखला मुंबईत घडला आहे. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला पाच गोलांनी हरवले. सुनील छेत्रीने तीन गोल केले. बघायला माणसे किती? २,५६९! दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफीत काढून हात जोडले, शिव्या द्या पण मैदानावर येऊन द्या अशा अर्थाची विनवणी केली. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. चार दिवसांत तिकिटाचा दर बदलला नव्हता. माणसांना कोणी मनापासून बोलावले नव्हते, एवढेच खरे. कोल्हापुरात बोलवावे लागत नाही, कारण संघ पेठेचा असतो.

उलट २०११ चा क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या. वानखेडे स्टेडियमवर सुमारे ३३ हजार जागा. जनतेला खुल्या विक्रीसाठी फक्त चार हजार. बाकीची तिकिटे संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय मंडळ आणि इतर मानकरी यांच्या वाट्याची. वानखेडे स्टेडियमचा जन्मच मुळी ब्रेबोर्नवरच्या तिकिटांच्या वाटपाच्या तंट्यातून झाला होता, हे जुन्या लोकांना आठवत असेल. तिकिटाचा छापील दर कितीही कमी ठेवा. ते खिडकीवर येतच नसेल तर त्या दराला अर्थ नाही. जे पासाने जाते ते शेवटी काळ्या बाजारात येते. इंग्लंडात फुटबॉलची तिकिटे परवानगीवाचून पुन्हा विकणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. फिफाने मात्र २०२६ साठी स्वतःच पुनर्विक्रीची पेठ मांडली, आणि विकणाऱ्याकडून पंधरा व घेणाऱ्याकडून पंधरा टक्के अडत ठेवली. बाजार समितीतल्या अडत्यालाही लाज वाटावी!

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी आला तेव्हा कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर हजारो रुपयांची तिकिटे काढून लोक बसले. मैदानात मानकऱ्यांचे कोंडाळे त्याच्या भोवती असे पडले की पैसे देणाऱ्यांना तो दिसलाच नाही, आणि वीसेक मिनिटांत तो निघूनही गेला. बाटल्या आणि खुर्च्या मैदानात येऊन पडल्या. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी माफी मागितली, चौकशी समिती नेमली गेली, आयोजकाला अटक झाली. हा सामना नव्हता, नुसते दर्शन होते. पण दर्शनाची रांग आणि पासाची रांग यांतला फरक तेथे उघडा पडला.

सरकारचाही यात हात असतो. मुंबई इलाख्याचा करमणूक कर कायदा १९२३ चा. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मान्यताप्राप्त क्रीडा सामन्यांची २५० रुपयांपर्यंतची तिकिटे करमुक्त होती. जानेवारी २०१८ मध्ये ती मर्यादा ५०० वर नेली. त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के. आयपीएल क्रिकेटच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे ५०० रुपयांचे तिकीट ५०० लाच पडते, आणि ५१० चे केले की ग्राहकाला सहाशेच्या वर मोजावे लागतात. आयोजकाने दर ठरवताना ही मेख पाहिली, तर पाचशेच्या आत राहण्यात त्याचाच फायदा आहे. कायद्यातली ही एक बरी गोष्ट लोकांना ठाऊक नसते, म्हणून सांगितली.

आता उंब्रजच्या माणसाचा हिशेब मांडू. कोल्हापूर येथून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरच्या पलीकडे. सामना दुपारी चारला, म्हणजे निघायचे दुपारी बाराच्या आत. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. जाण्यायेण्याचे एस. टी. चे भाडे तिकिटाच्या कितीतरी पट. वाटेत चहा, भजी. बरोबर पोरगे असले तर दुप्पट. बायकांना २०२३ पासून एस. टी. त निम्मे भाडे लागते. तेव्हा घरातल्या मंडळींनी जायचे ठरवले तर त्यांचाच प्रवास स्वस्त, पण त्यांना बसायला धड जागा आणि स्वच्छतागृह मैदानावर पाहिजे. नुसत्या तिकिटावर पाच-दहा रुपये कमी करून बाहेरगावच्या प्रेक्षकाचा प्रश्न सुटत नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. मोठ्या सामन्याच्या खुल्या विक्रीच्या तिकिटांचा आकडा आयोजकांनी आधी जाहीर करावा, आणि पासांचाही. बाहेरगावच्या मंडळांनी एकगठ्ठा मागणी केली तर त्यांना ठरावीक जागा राखाव्यात. सुटीच्या दिवशीचा अंतिम सामना तासभर आधी सुरू करावा. आणि कराड आगाराकडे आपल्या तरुण मंडळांनी लेखी अर्ज द्यावा: किमान चाळीस माणसे असतील तर सामन्यानंतर कोल्हापूरहून उंब्रज-मसूरकडे येणारी जादा गाडी मिळावी. अर्जाखाली सह्या पाहिजेत. कागद मी आणला आहे, व्याख्यान संपल्यावर दारापाशी टेबलावर राहील.